शुक्रवार, सात ते आठ

ओउलूत नोव्हेंबरात दुपारी तीनलाच अंधारून येतं.
हेल्का रौतिओच्या मशीनला त्याचं काही नाही,
ते रात्रंदिवस ब्राउझरला कचरा चारत असतं:
वेडेवाकडे त्रिकोण, उणे रुंदीची चित्रं,
रंग ओला असतानाच मधोमध फाडलेला कॅनव्हास.
सेकंदाला चारशे घास.
आणि हेल्का वाट बघते, कशाने ठसका लागतो याची.

पहाटे तीन चाळीसला लागला.

नऊशे ओळी होत्या. तांदूळ निवडावेत तशा तिने निवडल्या.
एक ओळ काढायची, चालवून बघायचं.
अजून मरतो?
मरतो.
मग अजून एक काढ.
बर्फ खरवडणारी गाडी खालून गेली तेव्हा अकरा उरल्या होत्या
आणि त्यातला एकही खडा फेकता येईना.

गोष्ट तशी घरगुतीच.
एका चित्राने राहायला जागा मागितली, मिळाली.
काम संपलं, चित्राने बिऱ्हाड हलवलं,
आणि मेमरी काही सुतक पाळत नाही,
त्याच क्षणी तिने दुसऱ्याला आत घेतलं.
रंगवणाऱ्या हाताला मात्र कोणी कळवलं नाही.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात,
इथे वासे जागच्या जागी, पत्ता अक्षरन् अक्षर तोच,
फक्त घर फिरलेलं.
हात येतो, दार ढकलतो,
आत जे असेल त्याला आपलंच समजून कामाला लागतो.

आत काय असावं हे ठरवणारा कुठेतरी बसलेला असतो.
त्याला कुलूप तोडावं लागत नाही.
तो खोली रिकामी व्हायची वाट बघतो
आणि वेळेवर जाऊन बसतो.

हेल्काने सगळं लिहून पाठवलं.
आता नव्वद दिवस कुणाशी बोलायचं नाही,
बहिणीशीसुद्धा नाही.
कपड्यांची टोपली घेऊन ती तळघरात उतरली.

तळघरात इमारतीचा सौना आहे, दाराशी यादी:
कुठला तास कोणाचा.
शुक्रवार, सात ते आठ, बत्तीस वर्षं: तिएन्सू, ब-१४.
मार्चमध्ये तिएन्सूंना वृद्धाश्रमात नेलं.
एप्रिलपासून तो तास बेकरीतल्या यूसोचा.

आज शुक्रवार. सातला दोन मिनिटं कमी.
जिन्यावरून तिएन्सू उतरले.
घरातल्या सपाता, सपातांवर बर्फ,
खांद्यावर टॉवेल, हातात पत्र्याची बादली.
बस बदलून आले असणार. कोणाला सांगून आले असतील?
यादीकडे त्यांनी पाहिलंही नाही.
आपल्या तासाची यादी कोण वाचतं?

हेल्काच्या तोंडात शब्द आला आणि राहिला.
दार उघडलं, वाफ बाहेर आली, दार मिटलं.

मग आतून काहीच नाही.
तिला माहीत होती ही शांतता,
लॉगमधल्या शेवटच्या ओळीनंतरची.

मग फळी करकरली,
कोणीतरी सरकल्यासारखी.
तापल्या दगडांवर पाणी चुर्र झालं
आणि यूसोचा आवाज: आणखी टाकू का?

बुधवारी उत्तर आलं. खरं आहे, म्हणाले, दुरुस्त करतोय.
दुरुस्ती दोन ओळींची:
जागा सोडताना हातातला पत्ताही पुसायचा,
आणि आत शिरण्याआधी विचारायचं, ही अजून माझीच ना?
हेल्काने वाचून मान हलवली.
बरोबर आहे. दुसरं काही करताच येत नाही.

पुढच्या शुक्रवारी ती सातच्या आधीच खाली जाऊन उभी राहिली.
कोणी आलं नाही. यूसो शिट्टी वाजवत आत गेला.
तिने यादी जवळून पाहिली.
नाव पेन्सिलीने लिहिलेलं होतं, नीट खोडलेलं,
पण बत्तीस वर्षं एकाच जागी गिरवल्याने कागदच दबला होता,
आणि दिवा बाजूने पडला की
यूसोच्या नावाखाली
तिएन्सू अजून वाचता येत होतं.